सरळ केलेली पेटी

९ फेब्रुवारी

ताई,

बाबा गेल्यानंतर तू दोनदा फोन केलास. दोन्ही वेळा मी 'हं' आणि 'बरं' एवढंच म्हणालो आणि तू फोन ठेवलास. तुझं काही चुकलं नाही. म्हणून लिहितो आहे.

आधी कामाचं. संगीत विद्यालयाच्या प्राचार्यबाई घरी येऊन गेल्या. त्यांच्या नव्या सभागृहाला बाबांचं नाव द्यायचं ठरलं आहे. कार्यक्रम एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी आहे. बाबांची पेटी सभागृहाच्या दाराशी काचेच्या कपाटात कायमची ठेवणार आहेत. (बाई अकॉर्डियन म्हणतात. मला अजून तो शब्द परक्या माणसाचा वाटतो.) कपाटात जाण्याआधी त्या दिवशी ती एकदा वाजावी अशी त्यांची इच्छा आहे. "त्यांच्या मुलीशिवाय दुसऱ्या कुणाच्या गळ्यात ती शोभणार नाही," असं म्हणाल्या. मी म्हणालो, विचारून बघतो.

तर विचारतो. येशील का?

बाबांविषयी पानभर माहिती हवी होती ती मी लिहून दिली. माझी बायको म्हणाली, तुमच्या पाणीपुरवठा खात्याचा अहवाल वाटतो. मी लिहिलं की या वाद्यावर आपली गाणी गळ्यातून आल्यासारखी वाजवणारे ते पहिले. लिहिलं की रेडिओने त्यांना आधी नापास केलं, हे वाद्य आपल्या गाण्याचं नाही म्हणून, आणि पुढच्या खेपेला एका परीक्षकाने डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "गातंय कोण?" त्याच दिवशी बाबा येताना तुझ्या बुटांना नवी टाच लावून आले होते आणि जेवताना त्यांनी आईला आधी बुटांचं सांगितलं, मग रेडिओचं. हे लिहिलं नाही. अहवालात बसलं नसतं.

पेटी गेल्या वर्षभरात कुणी उघडली नव्हती. भात्याच्या कोपऱ्यांतून हवा जात होती. मी ती बाजारातल्या मोठ्या दुकानात दुरुस्तीला दिली आहे. साफसफाई आणि किरकोळ काम. महिनाअखेर मिळेल.

तुझा भाऊ


६ मार्च

ताई,

तुझं पत्र बायकोने आधी उघडलं आणि आतून ओरडली, "अहो, येतायत त्या!" मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

मग खालचं वाचलं. 'घुम्या, भाता बदल, पट्टा बदल, वाटेल ते कर. फक्त त्या चार पट्ट्यांच्या आत कुणाला हात घालू देऊ नकोस.'

पेटी आदल्या दिवशीच घरी आली होती. दुकानदाराने सगळे स्वर सरळ केले आहेत. ते चारही. त्याचं कामच ते; एखादा स्वर इकडेतिकडे दिसला की यंत्र लावून तो जागेवर आणायचा. बाबांनी ते मुद्दाम हलवलेले आहेत हे परक्या माणसाला कसं कळणार? त्या पट्ट्यांवर आईच्या नेलपेंटचे ठिपके होते, तेही त्याने डाग समजून पुसून टाकले. पेटी नव्यासारखी दिसते.

संगीतातलं मला कळत नाही हे जगजाहीर आहे. तरी काय गेलं ते नीट समजावं म्हणून आठवेल ते लिहितो. चुकलं तर सांग.

आपल्या गाण्यांतले काही स्वर दोन पट्ट्यांच्या मधे पडतात. गळ्याला ते सापडतात, पेटीवर नसतात. बाबांनी ते पेटीत बसवले. स्वयंपाकघरातलं टेबल रिकामं करायचं, आई भांडी उचलून ओट्यावर ठेवायची. बाबा पेटी उघडायचे. आत पोलादाच्या पातळ जिभा, रीड. एका पट्टीला दोन, भाता दाबताना एक बोलते आणि ओढताना दुसरी, म्हणजे काम दुप्पट. रीड टोकाशी खरवडली की स्वर चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो. थोडं खरवडायचं, परत बसवायची, वाजवायची, परत काढायची. तू टेबलावर गाल टेकून डोळे मिटून बसायचीस.

"आला का घरी?" बाबा विचारायचे.

"नाही. उंबऱ्यावर उभाय."

कानशीचे आणखी दोन हात. "आता?"

"आत आला. पण चप्पल काढली नाहीये."

बाबा हसून पुन्हा कानस उचलायचे. मग माझ्याकडे वळायचे. "घुम्या, तुझं मत?" मी कायम "आला" म्हणायचो, कारण तो आल्याशिवाय टेबल मोकळं होत नसे आणि जेवायला मिळत नसे. "याचं पोट सुराला पक्कं आहे," बाबा आईला म्हणायचे.

पुढे बाबांचं पाहून बऱ्याच जणांनी आपापल्या पेट्या खरवडल्या, पण ज्याने त्याने आपल्या कानाने. बाबांचे स्वर बाबांच्याच पेटीत होते.

झालं ते असं. वाजवताना तुला फरक जाणवेल. ऐकणाऱ्यांना जाणवेल असं वाटत नाही.

तुझा भाऊ


२५ मार्च

ताई,

तुझं उत्तर एका ओळीचं आहे. 'विचारल्याशिवाय कुठलाच दुकानदार रीडला कानस लावत नाही. त्याने तुला विचारलं होतं का?'

हो. विचारलं होतं.

त्याने कचेरीत फोन केला. मी दुपारी दुकानात गेलो. भिंतभर गिटारी लटकवलेल्या, एक मुलगी कर्कश काहीतरी वाजवून बघत होती, त्यामुळे तो ओरडूनच बोलत होता. "साहेब, या पेटीत उंदीर शिरला होता का हो?" मी म्हणालो, नाही. मग त्याने आतलं उघडून दाखवलं. "हे बघा. चार सुरांच्या रीडा कुणीतरी मुद्दाम खरवडल्यात. आणि वेड्यासारख्या नाही, शहाण्यासारख्या. येतानाची-जातानाची बरोबर जुळवलीय. पेटी कुणाची म्हणायची?"

मी म्हणालो, "घरातली जुनी आहे."

बाबांचं नाव सांगितलं नाही.

"मग तशाच ठेवू, की सरळ करू?"

"सरळ करा," मी म्हणालो. "चारचौघांत वाजायची आहे."

एवढंच. विचार करायला वेळसुद्धा घेतला नाही. वाक्य तयारच होतं.

तुला आठवत असेल, माझ्या शाळेच्या समारंभात बाबा वाजवायला आले होते. तू तेव्हा मोठ्या शाळेत गेली होतीस. मी मधल्या रांगेत बसलो होतो आणि माझ्या मागे गाण्याचे मास्तर मुख्याध्यापकांना म्हणाले, "माणूस गोड आहे हो. पेटी तेवढी बेसूर." मुलांनी ऐकलं. वर्ष संपेपर्यंत माझं नाव बेसूर पडलं. घरी कुणाला बोललो नाही. तेव्हापासून बाबा कुठेही वाजवायला बसले की त्या चार जागा यायच्या आधी माझी मान ताठ व्हायची. टाळ्या पडल्या तरी. पेपरात त्यांच्यावर छापून आलं, लोक शिकायला दारात बसू लागले, तरी मला आतून वाटायचं की सगळे मिळून आपल्या बाबांना सांभाळून घेतायत. चांगला माणूस आहे, बायकापोरांचं प्रेमाने करतो, म्हणून कुणी तोंडावर बोलत नाही. कधीतरी कुणीतरी हे नीट करून द्यायला हवं, असं मला वाटायचं. ते असेपर्यंत माझं धाडस झालं नाही. ते गेल्यावर झालं.

त्यांना कुणी हसू नये म्हणून केलं, असं लिहायला घेतलं होतं. खोडलं. मला कुणी हसू नये म्हणून केलं.

मागच्या पत्रात मी दुकानदारावर ढकललं. ते करताना वाक्यं दोनतीनदा लिहून बघितली होती.


११ एप्रिल

ताई,

तुझं उत्तर नाही. नसणारच.

मी पुन्हा दुकानात गेलो होतो. या खेपेला बाबांचं नाव सांगितलं. हातातलं काम खाली ठेवून तो म्हणाला, "अहो, मग मी विचारलं तेव्हा तोंडात काय मिठाची गुळणी धरली होती का?"

मी म्हणालो, परत होतं तसं करता येईल का?

"खरवडलेलं पोलाद काही चिकटवता येत नाही. दुसऱ्या टोकाने खरवडून सूर हलवता येईल. पण कुठवर? तुम्ही सांगा, तिथे आणून ठेवतो."

मला सांगता आलं नाही. रेडिओवरच्या बाबांच्या टेपा घेऊन दुसऱ्या दिवशी गेलो. त्याने यंत्र लावलं. प्रत्येक टेपेने वेगळं उत्तर दिलं. जुन्या टेपा, कुठली हळू फिरते, कुठली जोरात. "आणि या रीडा आता कागद झाल्यात," तो म्हणाला. "अंदाजाने लावली कानस आणि मोडली, तर ती पट्टी कायमची मुकी. कुणाच्या कानात आहेत का हे सूर?"

"बहिणीच्या."

"मग त्यांना बोलवा की."

"ती माझ्याशी बोलत नाही."

"बरं आहे तिचं," असं म्हणून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

आता एक गोष्ट सांगायची आहे. ती मला बाबांच्या आजारपणात कळली आणि मी माझ्यापाशीच ठेवली.

तू घर सोडलंस ते त्या दौऱ्यावरून. मोठ्या वाद्यवृंदाचा व्यवस्थापक घरी आला होता, तेव्हा बाबा आपल्या शर्टांना इस्त्री करत उभे होते. त्याने देशांची नावं सांगितली, बाबा मान हलवत गेले आणि शेवटी विचारलं, "संध्याकाळी घरी येता येईल ना?" तो म्हणाला, "साहेब, समुद्रापलीकडे जायचंय." बाबा म्हणाले, "मग जरा अवघड आहे," आणि त्याला चहा विचारला. मी हसलो. तू नाही हसलीस. तो गेल्यावर तू आईला आणि मला म्हणालीस, "तुम्ही दोघांनी त्यांना खुंटीला बांधून ठेवलंय. हा माणूस कुठल्या कुठे गेला असता." आणि मग तूच गेलीस, दुसऱ्या एका बँडबरोबर. आई आजारी पडल्यावर बाबांनी बाहेरचं वाजवणं जवळजवळ बंद केलं. तिचे केस धुऊन द्यायचे, विंचरायचे, चमच्याने भरवायचे, आणि ती झोपली की पेटी मांडीवर घेऊन भाता न हलवता नुसती बोटं फिरवायचे. मला वाटायचं तुझं बरोबर होतं. आमच्यापायी ते राहिले. थोडं वाईट वाटायचं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटायचं, की आपल्यासाठी राहिले.

शेवटच्या आजारात मी त्यांना विचारलं, "बाबा, तेव्हा गेला असतात तर?" ते म्हणाले, "जाऊन काय करू? पोरीचा कान इथे होता. तिकडे सूर आत आलाय का उंबऱ्यावर आहे, ते मला सांगणार कोण?"

ते आईसाठी राहिले असतील, माझ्यासाठीही राहिले असतील. पण विचारल्यावर नाव तुझं घेतलं. तू गेल्यावर त्यांनी कानस पुन्हा हातात धरली नाही. हे मी तुला कळवलं नाही. का, ते तू ओळखशील.

म्हणजे त्या चार पट्ट्यांत होतं ते एकट्या बाबांचं नव्हतं. तुमचं दोघांचं होतं.

तू आली नाहीस तर मी समजून घेईन. प्राचार्यबाईंना मी यातलं काही सांगितलेलं नाही. हेही लिहून टाकतो, नाहीतर पुन्हा लपवल्यासारखं होईल.


२ मे

ताई,

तू कार्यक्रम संपल्यावर तशीच विमानतळावर गेलीस. बायकोने तुझ्यासाठी मागची खोली लावली होती. तक्रार करत नाही. आलीस हेच खूप झालं.

सकाळी तू सभागृहाच्या दाराशी उतरलीस आणि मला बघून म्हणालीस, "घुम्या, पोट केवढं सुटलंय!" मग पेटी मागितलीस. खालपासून वरपर्यंत एकदा वाजवून बघितलीस, चार ठिकाणी थांबलीस, आणि पट्टा लावून पेटी बंद केलीस. माझ्याकडे बघितलं नाहीस. मला वाटलं, आता उलट पावली जाशील.

स्टेजवर काय झालं ते तुला माहीत आहे. खाली काय झालं ते तुला दिसलं नसेल, म्हणून लिहितो.

मी पहिल्या रांगेत होतो, एका बाजूला प्राचार्यबाई, एका बाजूला बायको. तू बाबांची ती संथ धून धरलीस, जी ते आई भाजी चिरत असताना वाजवायचे. पहिली जागा जवळ आली आणि माझी मान सवयीने ताठ झाली. तेवढ्यात भाता थांबला. पेटी गप्प. आणि तेवढा एक स्वर तू तोंडाने गायलीस, माइकपासून लांब, साधा, शब्द नाही काही नाही. मग पुढचं परत पेटीवर.

बायको माझ्या कानाला लागली. "विसरल्या का हो?"

दुसरी जागा आली. पुन्हा भाता थांबला, पुन्हा तू गायलीस. मागे कुणीतरी खुर्ची सरकवत होतं, ते थांबलं. प्राचार्यबाई हळूच म्हणाल्या, "किती सुंदर कल्पना आहे!"

तिसऱ्या वेळी, का कोण जाणे, तू आधी पेटीवरची ती सरळ केलेली पट्टी दाबलीस. क्षणभरच. आणि सोडून देऊन लगेच बाबांचा स्वर गायलीस. दोन्ही एकामागे एक आले. फरक एवढासा, नखाएवढा. पण माझ्यासारख्यालाही ऐकू आला. पेटीवरचा स्वर बरोबर होता, आणि कुणाचाच नव्हता. तुझा ऐकला आणि आपलं स्वयंपाकघर, ओट्यावरची भांडी, बाबांच्या शर्टावर पडलेला पोलादाचा भुगा, सगळं समोर आलं. इतकी वर्षं मी त्याच स्वरापासून तोंड लपवत होतो. बायकोने रुमाल दिला. मी तो घेतला.

नंतर चहाच्या वेळी तू निघून गेली होतीस. मला विद्यार्थ्यांच्या घोळक्यात उभं केलं होतं. एका मुलीने विचारलं, "काका, तुमचे बाबाही असंच मधेमधे गायचे का?"

प्राचार्यबाई कौतुकाने मान डोलावत होत्या. 'हो' म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं.

"नाही," मी म्हणालो. "ते गात नव्हते. ते स्वर पेटीत होते. मी काढून टाकले."

"काढून म्हणजे?"

"दुरुस्त करून घेतले. मला ते बेसूर वाटायचे."

बाबांबरोबर रेडिओवर असलेले एक म्हातारे वादक तिथे होते, सगळ्यांत जुने. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "पोरा, सुरुवातीला मलाही वाटायचे. पण मी कानस नव्हती घेतली." आणि निघून गेले. ते बोलले ते बरं झालं. गप्प राहिले असते तर जास्त लागलं असतं.

पेटी आता कपाटात आहे. शेजारी लावायच्या पाटीचा मजकूर बाईंनी तपासायला पाठवला होता. 'याच वाद्यावर त्यांनी आपले स्वर प्रथमच उतरवले', असा. मी तो खोडून दुसरा लिहून दिला. 'हे वाद्य त्यांचे. यातले चार स्वर त्यांनी आणि त्यांच्या मुलीने मिळून लावले होते. त्यांच्या निधनानंतर मुलाने ते सरळ करून घेतले. ते स्वर आता फक्त त्यांच्या मुलीपाशी आहेत.'

बाई काल स्वतः घरी आल्या. शेवटचं वाक्य त्यांना फार आवडलं. त्याच्या आधीचं वाचून अवघडल्या. म्हणाल्या, "अहो, 'मुलाने' कशाला? 'नंतर सरळ करण्यात आले' एवढं पुरे आहे. लहान मुलं येतील, वाचतील. उगाच तुमच्या घरचं चव्हाट्यावर कशाला?" बाई भल्या आहेत, माझ्यासाठीच सांगत होत्या.

मी म्हणालो, "अख्ख्या पाटीवर तेवढा एकच शब्द माझा आहे. तो राहू द्या."

त्या मजकुराखाली सही करून गेल्या. पाटी सोमवारी लागेल.